जरा स्लो घ्या

आपल्याकडे वेगाचं कौतुक फार. मूल लवकर चाललं की पेढे, लवकर बोललं की पेढे, आणि पहिलीत असताना तिसरीची गणितं सोडवू लागलं, तर आलेल्या प्रत्येक पाहुण्यापुढे त्याला उभं करून सतराचा पाढा. मंदपणाच्या वाट्याला मात्र कायम दूषणंच. मंदबुद्धी, मंदाग्नी, बाजारातली मंदी. यांतल्या एकीलाही कुणी कधी हार घातल्याचं ऐकिवात नाही. मंदपणाचा जाहीर सत्कार मी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिला. तो म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातली मंद सायकल शर्यत. तिथे शेवटी येणारा पहिला. बघणाऱ्याला वाटतं, यात काय मोठंसं? पण जोरात जाणारी सायकल स्वतःच स्वतःला सावरते आणि हळू जाणारीला दर क्षणाला सावरावं लागतं. त्यामुळे एरवी हात सोडून सायकल पळवणारे वीर पहिल्या दहा पावलांतच पाय टेकून बाद होतात.

गाणाऱ्यांना हे पहिल्यापासून ठाऊक आहे. द्रुत लयीत तानांचा पाऊस पाडून टाळी घेता येते. विलंबितात दोन मात्रांच्या मधल्या मोकळ्या जागेचं काय करायचं, हे ज्याला कळलं तो खरा गवई. स्वयंपाकघरात तर रोजचाच अनुभव. मोठ्या आचेवर दूध कुणीही उतू घालवू शकतं. गॅस 'सिम'वर ठेवून, तो विझू न देता बासुंदी आटवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली तर मोठी ज्योत नुसती डोलते. बारीक ज्योत जीव सोडते.

हे सगळं तत्त्वज्ञान मला एका ३० सी.सी.च्या पेट्रोल इंजिनाने शिकवलं. ते इंजिन आमच्या मेव्हण्यांचं. ते ज्याच्या नाकावर बसवलं आहे ते रेडिओवर उडणारं विमानही त्यांचंच. माझ्याकडे त्या विमानाची फक्त शेपटी असते.

शेपटीचं स्पष्टीकरण देतो. हे विमान म्हणजे पोरांच्या जत्रेतलं खेळणं नव्हे. सव्वासहा फूट पंख, साडेपाच किलो वजन आणि पुढे १८ इंची लाकडी पंखा. तो हाताने फटका मारून सुरू करायचा. एकदा सुरू झाला की समोर बोट आहे का भेंडी, याची तो चौकशी करत नाही. म्हणून सुरू करताना कुणीतरी मागून विमान घट्ट धरून ठेवावं लागतं. खऱ्या विमानात वैमानिक असतो, सहवैमानिक असतो. आमच्यात वैमानिक आणि शेपटीधर असतो. गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी पुण्याबाहेरच्या एका माळावर मी हे पद भूषवतो आहे. माळाचं नाव सांगत नाही, कारण ज्यांच्या ज्वारीत आम्ही अधूनमधून उतरतो ते शेतकरी चांगले वाचक आहेत.

मेव्हणे म्हणजे आमच्या हिचे थोरले बंधू. ही त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणतो. दादांनी अडतीस वर्षं एका कारखान्याच्या देखभाल खात्यात काढली. रात्री दोनला फोन वाजायचा, 'अमुक यंत्र बंद पडलं', आणि सव्वादोनला दादा पायांत बूट घालून फाटकाशी. जेवताना त्यांचा एक हात घड्याळावर असे. नाटकाला गेले तर तिसऱ्या अंकात उठून दुकानी दूरध्वनी शोधत. निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला तयार होऊन ते कंपनीच्या बसच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. सवयीने. बसही सवयीने थांबली. ड्रायव्हरने दार उघडून विचारलं, "साहेब, काल हार घातला ना तुम्हाला?"

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब मोजला आणि म्हणाले, "आता जरा स्लो घ्या."

दादा म्हणाले, "डॉक्टर, माझं स्लो कुणी सेटच केलेलं नाही."

हा विनोद दादांनी दोनचार ठिकाणी सांगितला. मग त्यांच्याच खात्यातले, त्यांच्याआधी थोडेच दिवस निवृत्त झालेले एक गृहस्थ आठ महिन्यांत गेले. आजार असा काही नव्हता. काल धावत होते, आज करायला काही नव्हतं, एकदम बंद. दादा त्यांच्या तेराव्याला जाऊन आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी हे इंजिन मागवलं. वहिनींनी त्याला जेवणाच्या टेबलावर जागा दिली आणि टेबलक्लॉथवर तेलाचे डाग पडले तरी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आमच्या वहिनी चहाच्या कपाचा ओला गोल पडला तरी भाषण करतात. तेव्हा यावरून काय ते समजा.

इंजिन आलं, विमान जुळलं, उडालं. आणि पहिल्याच रविवारी त्याचा स्वभाव कळला. पूर्ण वेगात ते असं गर्जायचं की माळावरची कुत्री शेजारच्या गावात जाऊन बसायची. पण उतरण्यासाठी दादांनी वेग कमी केला की दहा-पंधरा सेकंद घुटमळायचं, एक उचकी द्यायचं आणि गप्प. आकाशात शांतता. माळावरचे जाणते लोक मग 'डेड स्टिक!' अशी आरोळी ठोकतात. म्हणजे पंखा मेला, सगळ्यांनी वाट सोडा. उतरणाऱ्या विमानाचा अंदाज थोडा चुकला तर एरवी इंजिनाचा जोर देऊन पुन्हा वर जाता येतं. मेलेल्या पंख्याला ती सवलत नाही. साडेपाच किलोचा तो संसार मग जिथे जमेल तिथे उतरतो. आमच्या बाबतीत 'जिथे जमेल' म्हणजे बहुधा ज्वारी. शेपटीधराच्या पदाबरोबर ज्वारीतून विमान शोधून आणण्याचं कामही येतं, हे मला नेमणुकीच्या वेळी सांगण्यात आलं नव्हतं.

आता हे मंद चालणं म्हणजे नेमकं काय, ते सांगायला हवं. गॅरेजवाले त्याला 'स्लो' म्हणतात, शिकलेले लोक 'आयडलिंग' म्हणतात. अर्थ एकच. इंजिनाने काम काही करायचं नाही, पण बंदही पडायचं नाही. हाक मारली की 'ओ' द्यायला तयार राहायचं. दादांचं इंजिन पूर्ण वेगात मिनिटाला सात हजारांच्या आसपास फिरतं आणि मंद असताना सोळाशे ते अठराशे. मंद म्हणजे मिनिटाला सतराशे फेरे! आमच्या कचेरीत इतक्या मंदगतीने काम झालं असतं तर आम्हाला बढत्या मिळाल्या असत्या.

यातली गोम अशी. कार्बोरेटरच्या घशात चकतीसारखी एक झडप असते. मंद चालताना ती जवळजवळ मिटलेली असते. तिच्या कडेने जी केसाएवढी फट राहते तिच्यातून हवा आत जाते, आणि कडेलगतच्या सुईच्या टोकाएवढ्या भोकांतून पेट्रोल. सगळा व्यवहार चिमटी-चिमटीचा. लग्नाला पाचशे पानं उठत असताना चार आगंतुक जेवून गेले तर आचाऱ्यालाही पत्ता लागत नाही. पण रात्री घरात दोघांपुरता भात लावलेला असताना एक पाहुणा टपकला की झाली पळापळ! इंजिनाचंही तसंच. कुठे स्क्रू सैल असेल, कुठे नळीला चीर असेल, ठिणगी जरा अशक्त असेल, तर पूर्ण वेगात ते खपून जातं. मंद चालताना यातलं एकेक उघडं पडतं. म्हणजे मंद चालताना दिसणारा दोष बहुतेक वेळा मंदपणाचा नसतोच. तो आधीपासून असतो. गर्जनेत ऐकू येत नाही इतकंच.

पण हे लक्षात कोण घेतो? आपल्याकडे कुणी आजारी पडलं की भेटायला येणारा प्रत्येकजण औषध घेऊन येतो. माळावरही तीच परंपरा. विमान बंद पडून ज्वारीतून परत आलं की भोवती कोंडाळं जमतं. पहिले तज्ज्ञ एक निवृत्त बँक अधिकारी. ते नुसता धूर हुंगून सांगतात, "मिश्रण रिच झालंय." रिच म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. बँकेत जन्म गेल्यामुळे त्यांना सगळीकडे श्रीमंती दिसते. दुसरे एक दंतवैद्य. ते आधी स्पार्क प्लग काढतात, उजेडात धरतात, फटीत बारीक पत्ती घालून बघतात आणि चेहरा गंभीर करून म्हणतात, "लीन आहे." लीन म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. एक दिवस वहिनी डबा घेऊन आल्या होत्या. "तुमचं इंजिन फार लीन आहे," हे वाक्य कानांवर पडल्यावर त्यांना धन्य वाटलं. घरात निदान एक तरी लीन निघालं! वास्तविक या लीन होण्यात नम्रता मुळीच नाही. लीन इंजिन आधी उगाच चढ्या आवाजात बोलतं आणि मग न सांगता निघून जातं. रिच इंजिन गुदगुल्या झाल्यासारखं डुबडुबतं, धूर काढतं आणि हळूहळू स्वतःच्याच पेट्रोलात बुडून मरतं. दोघांचा शेवट एकच. मृत्यूपुढे रिच आणि लीन समान, असं कीर्तनात सांगतात ते हेच असावं.

तिसरा तज्ज्ञ हा कॉलेजातला मुलगा. तो बॅटरीवरची विमानं उडवतो. तो म्हणतो, "काका, इलेक्ट्रिक घ्या ना! त्याला आयडलच नसतं. थांबवलं की थांबतं, चालवलं की चालतं." मुलाचं म्हणणं शंभर टक्के खरं. हल्लीच्या कित्येक गाड्याही सिग्नलला आपोआप बंद होतात आणि पाय उचलला की सुरू होतात. मंद चालण्याची भानगडच नको, असं जगाने ठरवलेलं दिसतं. पण दादांनी त्या मुलाकडे असं बघितलं, की त्याने विमान बंद करून ज्वारीत जावं. म्हणाले, "थांबवलं की थांबतं, हेच तर नकोय मला."

मुलाला काही कळलं नाही. मी शेपटी जरा जास्त घट्ट धरली.

प्रत्येक तज्ज्ञाच्या खिशात एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर असतो आणि कार्बोरेटरला शेजारी शेजारी दोन स्क्रू असतात. एकावर 'एल' म्हणजे मंद वेगाचा, दुसऱ्यावर 'एच' म्हणजे चढ्या वेगाचा. या दोघी सख्ख्या जावा. एकीला जरा पिळलं की दुसरीचं बिनसतं. माळावर प्रत्येकाचा हात आधी या स्क्रूंकडे जातो, कारण ते सहज हाताला लागतात. दादांनी मात्र खिशातून वही काढली आणि जाहीर केलं, "स्क्रूला कुणी हात लावायचा नाही. स्क्रू सगळ्यात शेवटी." देखभाल खातं जागं झालं होतं.

वहीतलं पहिलं कलम पंखा. मंद चालताना स्फोट दूर दूर होतात. एका स्फोटापासून दुसऱ्यापर्यंत इंजिनाला ढकलत नेतं ते या पंख्याच्या फिरण्यातलं वजन. पंखा फार लहान, फार हलका असेल तर इंजिन मध्येच अडखळतं. आमचा पंखा १८ इंची, ८ इंची पिचचा, मापात बसणारा. दोन्ही पाती समतोल. कलम पहिलं निर्दोष.

दुसरं कलम टाकी. टाकीत पेट्रोल आणि टू-स्ट्रोक ऑइल, लिटरला ३० मिलिलिटर. ज्यांनी जुन्या दोन-स्ट्रोक स्कूटर दामटल्या आहेत त्यांना पंपावरचं 'ऑइल टाकून द्या' आठवत असेल. सकाळी सुरू होईना म्हणून स्कूटर एका अंगावर कलती करून मग किका मारणारा आख्खा मध्यमवर्गही आठवत असेल. त्या कार्बोरेटरात तरंगणारा फ्लोट असे. विमान हवेत उलटं होतं, तिथे फ्लोटचा काय उपयोग? म्हणून या विमानांना लाकूड कापायच्या यंत्र-करवतीच्या घराण्यातला कार्बोरेटर लावतात. करवत माणूस उभी, आडवी, उलटी, कशीही धरतो. त्याच्या पोटात फ्लोटऐवजी दोन पातळ पडदे असतात. एक पडदा टाकीतून पेट्रोल ओढतो, दुसरा ते मोजून देतो. आपल्याकडच्या पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. पावसाळ्याचे चार महिने विमानं घरी बसतात. तेवढा काळ ते पेट्रोल कार्बोरेटरात राहिलं की आतले पडदे पापडासारखे कडक होऊ शकतात. पडदा कडक झाला की मोजमाप गेलंच. दादांनी पडदे नवे घातले. नळीही बदलली, कारण साधी सिलिकोनची नळी पेट्रोलात फुगते; पेट्रोलला चालणारी वेगळी असते. टाकीत लोळणारं वजनदार टोक आणि त्यावरची गाळणी धुतली. टाकीत हवा जायची वाट फुंकून पाहिली. कलम दुसरं निर्दोष.

तिसरं कलम गळती. इंजिन आणि कार्बोरेटर यांच्या मध्ये कागदासारखी गॅस्केट असते. थरथरीने स्क्रू सैल झाले की तिथून चोरटी हवा आत शिरते. इंजिन मंद चालू ठेवून त्या सांध्यावर कार्बोरेटर-क्लीनरचा अगदी बारीक फवारा मारायचा. आवाज बदलला की चोर सापडला. आवाज बदलला नाही. चौथं कलम ठिणगी. तिची बॅटरी भरलेली, प्लगची टोपी घट्ट. प्लगचा रंगही पाहिला. काळा-ओला असेल तर रिच, पांढराफटक असेल तर लीन. आमचा प्लग लाडवाचं बेसन नीट भाजल्यावर येतो त्या रंगाचा होता. हे प्रमाणपत्र वहिनींचं. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "आता साखर घालायला हरकत नाही."

एवढं झाल्यावर दादांनी स्क्रूला हात लावला. तोही एका वेळी फेऱ्याचा आठवा हिस्सा. मग थांबायचं. इंजिनाला विचार करायला वेळ द्यायचा. मिनिटभर मंद चालू द्यायचं आणि मग थ्रॉटल झटकन उघडायचा. आवाज न करता दम सोडला तर लीन. डुबडुबत, खोकत उठलं तर रिच. हाकेसरशी 'ओ' दिली तर बरोबर. या सगळ्या वेळात शेपटीधर वाकलेला असतो, हे वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावं. साडेतीन तासांनी जमिनीवर इंजिन असं चालायला लागलं की काय सांगू! सतराशे फेरे, टिक टिक टिक, आजोबांच्या भिंतीवरच्या घड्याळासारखं. पाच मिनिटं झाली तरी बंद पडेना. दंतवैद्यांनी टाळ्या वाजवल्या. दादांनी इंजिनावर टोपण बसवलं, विमान उडवलं, उतरायला आणलं.

उचकी. शांतता. ज्वारी.

त्या दिवशी परत येताना दादा गाडीत बोलले नाहीत. त्यांच्या मौनाला काही आधार द्यावा म्हणून मी विमानांचा इतिहास वाचायला घेतला. वाचून हायसं वाटलं. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी जे विमान उडवलं, त्याच्या सुमारे १२ अश्वशक्तीच्या इंजिनाला थ्रॉटल नव्हताच. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं. मंद चालायला वेळ होता कुणाला? पुढे पहिल्या महायुद्धात फ्रान्सची 'ग्नोम' नावाची इंजिनं वापरात होती. त्यांत पंख्याबरोबर सगळी सिलिंडरं गरगर फिरायची. त्यांतल्या काहींना मंद चालणं ठाऊकच नव्हतं; एकतर पुरती चालू, नाहीतर बंद. उतरताना वैमानिक एक बटण दाबून ठिणगी तोडायचा, सोडायचा, पुन्हा तोडायचा. भर्रर, गप्प, भर्रर, गप्प, असं करत जमिनीला टेकायचा. शिवाय त्या इंजिनांना वंगण म्हणून एरंडेल लागायचं आणि त्याचा धूर वैमानिकाच्या नाकातोंडात जायचा. एरंडेलाने पुढे काय होतं, ते मराठी वाचकाला सांगायला नको. मी हे सगळं दादांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "भावजी, म्हणजे सव्वाशे वर्षं झाली तरी हा प्रश्न आहेच, असंच ना?" मी समजूत घालायला गेलो होतो. फोन ठेवला.

पुढचे तीन रविवार असेच गेले. जमिनीवर टिक टिक, हवेतून येताना उचकी. दादांची झोप उडाली. रात्री दोनला उठून वही उघडायचे. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "रात्री दोनचा फोन बंद झाला म्हणून बरं वाटलं होतं हो. आता फोनशिवायच उठतात." डॉक्टरांकडे नेलं तर रक्तदाब पुन्हा वर. म्हणजे स्लो शिकायला आणलेल्या इंजिनाने दादांना पुन्हा फुल थ्रॉटलला नेऊन बसवलं होतं.

चौथ्या रविवारी वहिनी स्वतः माळावर आल्या. डबा नव्हता, नुसत्या आल्या. घडीच्या स्टुलावर बसून त्यांनी सगळा प्रकार पाहिला आणि विचारलं, "हे जमिनीवर नीट चालतं तेव्हा ते पुढचं टोपरं काढलेलं असतं का?"

टोपरं म्हणजे इंजिनावरचं टोपण. शिकलेले लोक त्याला 'काउल' म्हणतात. दादा म्हणाले, "हो. त्याशिवाय स्क्रूला हात कसा पोचणार?"

"आणि उडवताना घालता?"

"अर्थात."

"मग टोपरंच टोचत असेल त्याला. पोर टोपरं काढलं की हसतं, घातलं की रडतं, तर डॉक्टर कशाला हवा?"

कोंडाळ्यातले लोक हसले. बँक अधिकारी तर फारच हसले. दादा हसले नाहीत. ज्वारीतून आणलेल्या विमानाचा प्लग त्यांनी तिथल्या तिथे काढला. काळा, ओला! जमिनीवर बेसन, हवेत कोळसा. त्यांनी टोपण काढून ठेवलं आणि तसंच उघड्या नाकाने विमान उडवलं. विमान उतरलं तेव्हा पंखा फिरत होता. टिक टिक टिक.

मग उलगडा झाला. पेट्रोल मोजून देणाऱ्या त्या पडद्याच्या एका अंगाला पेट्रोल असतं आणि दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. त्या हवेसाठी झाकणाला एक बारीक भोक असतं. बाहेर हवेचा दाब किती, ते त्या भोकातून पाहून पडदा पेट्रोलचं माप ठरवतो. टोपणाच्या आत, समोरून घुसणाऱ्या वाऱ्याने, त्याला भलताच दाब जाणवत होता. पडदा दबून पेट्रोल जास्त सोडत होता. पूर्ण वेगात तेवढं जास्त पेट्रोल सहज जळून जायचं. मंद चालताना तेवढंच इंजिनाला बुडवायला पुरत होतं. उपाय दीड रुपयाचा. झाकण सोडवून त्या भोकावर पितळेची बारीक नळी झाळून बसवली आणि तिला रबरी नळी जोडून ती विमानाच्या पोटात, जिथे हवा स्वस्थ असते तिथे नेऊन सोडली. म्हणजे आता बाहेर कितीही वारा सुटो, पडद्याला त्याची खबर नाही. त्याचा कान घरातल्या शांत खोलीत.

त्यानंतर आजतागायत आम्ही ज्वारीत उतरलेलो नाही. शेतकऱ्याला चुकल्यासारखं वाटतं, असं तो परवा म्हणाला.

दादांमध्येही थोडा फरक आहे. घरातला फोन त्यांनी झोपायच्या खोलीतून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला. कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. वहिनींनी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "नळी आत घेतली." वही अजून आहे, पण ती रात्री दोनला उघडत नाही. गेल्या खेपेला डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि काही न बोलता दुसऱ्या पेशंटला बोलावलं. आमच्या घरात यालाच आनंदाची बातमी म्हणतात.

आता रविवारी विमान दोनदाच उडतं. बाकीचा वेळ दादा ते जमिनीवर मंद चालू ठेवतात, स्टुलावर बसतात आणि ऐकतात. सकाळचं ऊन, पलीकडे ज्वारी, आणि सतराशे फेऱ्यांवर टिक टिक टिक. परवा त्या कॉलेजच्या मुलाने विचारलं, "काका, उडवायचं नाही का?"

"उडवू की," दादा म्हणाले, "घाई काय आहे?"

घाई एकालाच होती. पंखा फिरत असेपर्यंत विमान धरून ठेवावं लागतं, मग ते उडो वा न उडो. मी हळूच म्हणालो, "दादा, कंबर..."

दादांनी माझ्याकडे मोठ्या प्रेमाने पाहिलं आणि म्हणाले, "भावजी, जरा स्लो घ्या."